अनिरुद्ध सर आणि उमरपाणीचं कुरण

अनिरुद्ध सरांनी उमरपाणीच्या लोकांना फसवलं, आणि माझ्या तोंडून फसवलं. गावाचं कुरण तीन वर्षं राखायचं म्हणून मागितलं आणि कागदावर वीस वर्षांसाठी लिहून घेतलं. लोकांनी सह्या केल्या त्या सरांकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. हे आधीच सांगून टाकतो. सरांचा विषय निघाला की लोक पहिल्यांदा त्यांच्या साधेपणाचं कौतुक करतात, आणि ते कौतुक ऐकत बसलं की मूळ गोष्ट राहून जाते.

साधेपणाबद्दल मीही सांगणार आहे. तो बघण्यासारखाच होता.

मी आर्वीच्या बाजारात गुरांचा दलाल आहे. आमच्याकडे हेडी म्हणतात. माझ्या बापाने जन्मभर दुसऱ्यांची गुरं राखली, मी दुसऱ्यांची गुरं विकतो. या दोन कामांमधलं अंतर मी कोणाचं बोट न धरता चाललो आहे. माझा राग सगळ्या बाजाराला माहीत आहे आणि माझा शब्दही माहीत आहे. दात बघून गाईचं वय आणि चपला बघून गिऱ्हाइकाचा इरादा ओळखतो, असं लोक म्हणतात. सरांच्या चपला मी पहिल्याच दिवशी पाहिल्या होत्या. टाचा झिजलेल्या, एक अंगठा दोऱ्याने शिवलेला. मला वाटलं, हा माणूस खूप चालला आहे. चपला बघून माणूस ओळखण्याची माझी ऐट त्या दिवशी संपायला हवी होती.

सर बाजारात आले ते एका कॅमेरावाल्याला घेऊन. मी कडुलिंबाखाली खाटेवर बसलो होतो. शेजारी जागा होती, मी सरकलोही. पण सर खाली बसले, जमिनीवर, ताज्या शेणापासून हातभर अंतरावर. म्हणाले, "मी शिकायला आलोय, दादा."

हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून किती ठिकाणी ऐकलं याचा हिशेब नाही. चहावाल्याला म्हणाले, तहसील कार्यालयातल्या बाबूला म्हणाले, उमरपाणीत शेळीला पाला टाकणाऱ्या म्हातारीला म्हणाले. म्हणताना मान थोडी तिरपी होई, चष्मा हातात येई आणि खादीच्या टोकाने काचा पुसल्या जात. शिकायला आलेल्या माणसाला कोण हाकलणार? ज्याला आयुष्यात कोणी काही विचारलं नाही, त्याला असा शिकलेला माणूस खाली बसून विचारतो तेव्हा त्याची छाती फुगते. माझीही फुगली.

बोलता बोलता त्यांनी माझं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं. तोवर ते मला राम राम करत होते. आडनाव ऐकल्यावर लगेच हात जोडून जय भीम म्हणाले. खिशात दोन्ही नमस्कार तयार ठेवून फिरणारा माणूस मी याआधी फक्त निवडणुकीत पाहिला होता.

त्या दिवशी त्यांना बैलाच्या गळ्यातली घागरमाळ आवडली. विकणाऱ्याने शहरी माणूस बघून तोंडाला येईल ती किंमत सांगितली. सरांनी ती दिली. एक शब्द बोलले नाहीत. आजूबाजूचे लोक म्हणाले, काय दिलदार माणूस आहे. मी मात्र मनात म्हटलं, भाव न पाडणारा माणूस दोनच प्रकारचा असतो. एकतर पैसा त्याचा नसतो, नाहीतर वस्तू त्याला नको असते. सरांच्या बाबतीत दोन्ही खरं होतं. हे मला पहिल्या दिवशी सुचलं होतं आणि मी ते विसरलो. त्या विसरण्याचा दोष मी दुसऱ्यावर टाकत नाही.

मग त्यांनी दुपट्ट्याखालच्या सौद्याचं विचारलं. गुरांच्या बाजारात भाव ओरडून ठरत नाही. घेणारा आणि देणारा एकमेकांचे हात हातात घेतात, वरून खांद्यावरचा दुपट्टा टाकतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. एक बोट धरलं तर एक, पूर्ण पंजा धरला तर पाच. शेकडे की हजार, ते तोंडाने सांगायचं. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. बोटं दाबून झाली, दुपट्टा उचलला, की सौदा पक्का. त्यानंतर कागद मागणं म्हणजे समोरच्याला चारचौघांत चोर म्हणणं. असं एकदा जरी केलं तरी पुढे कोणी तुमच्या दुपट्ट्याखाली हात घालत नाही.

हे सगळं मी सरांना तासभर समजावलं. त्यांचा हात हातात घेऊन करून दाखवलं. कॅमेरा चालू होता. सर पुन्हा पुन्हा म्हणत होते, "किती सुंदर. विश्वासावर उभी असलेली अर्थव्यवस्था." मी मान डोलावत होतो.

त्यांना गाव हवं होतं. त्यांच्या वर्ध्याच्या संस्थेला पर्यावरण आणि गावविकास असं दोन्ही मिळून काम करायचं होतं आणि त्यासाठी गुरं पाळणारं, डोंगराच्या अंगाचं गाव पाहिजे होतं. उमरपाणी मीच सुचवलं. गाव लहान, अर्धी घरं गोंडांची, बाकीची गवळ्यांची आणि आमच्या समाजाची. शेती जेमतेम, पण टेकडीच्या उताराला गावाचं मोठं कुरण. त्या कुरणावर गवळाऊ जातीच्या पांढऱ्या गाई वाढतात, उंच, चालीला तडफदार. उमरपाणीची कालवड म्हटली की बाजारात मला जास्त बोलावं लागत नसे.

सर पहिल्यांदा गावात आले ते पायी. सगळे बघत राहिले. सुमनबाई उईके तेव्हा दारात उभी होती. सहा गाई बाळगणारी विधवा बाई, बोलायला कोणाला न भिणारी. सर तिच्या अंगणात बसले, झोळीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढला, त्यात पाणी मागितलं, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "ताई, खरे शास्त्रज्ञ तुम्हीच."

ते गेल्यावर सुमनबाई मला म्हणाली, "वर्ध्यावरून पायी आले म्हन्ते का?"

"आर्वीवरून आले असतीन."

"एवढ्या दुरून आले, अन् पायाले धूळ नाई."

नंतर कळलं की संस्थेची पांढरी गाडी नाल्याच्या पुलापाशी थांबत असे. सर तिथे उतरत आणि उरलेलं अंतर चालून येत. ड्रायव्हर एसी लावून झोपत असे. मी सुमनबाईला म्हटलं, "मोठ्या माणसाचं असं राह्यते." ती म्हणाली, "मोठा हाय तं गाडीत येवं ना बापा. गाडी पाहून आम्ही काय पळून जातो?"

खोटं लिहायचं नाही म्हणून हेही लिहितो. पहिल्या उन्हाळ्यात सरांनी गावाच्या विहिरीतला गाळ काढून दिला. श्रमदान होतं. ते स्वतः चिखलात उतरले, टोपली उचलली. फोटोवाला गेल्यानंतरही अर्धा तास उतरलेलेच होते. मी काठावर उभा राहून पाहत होतो. विहिरीला पाणी लागलं आणि ते आजही आहे. त्या अर्ध्या तासावर गावाने पुढची सगळी वर्षं विश्वास ठेवला.

त्यांना पाखरं ओळखता येत. शीळ ऐकून नाव सांगत. आणि रडता येत असे. सभेत बोलता बोलता गळा दाटून यायचा, चष्मा निघायचा, आवाज थांबायचा. नदीवर बोलताना रडत, मातीवर बोलताना रडत. सुरुवातीला बायका पदर डोळ्यांना लावायच्या. वर्षभराने गावातली पोरं ठिकाण सांगू लागली: आता रडन पाय, आता रडन. आणि सर रडत.

कुरणाची सूचना त्यांनी विहिरीनंतर मांडली, आणि ती सूचना वाईट नव्हती. म्हणूनच तर मी मध्ये पडलो. गवत खरंच खुरटलं होतं. गुरं जास्त झाली होती, पवना आणि मारवेल ही चांगल्या चाऱ्याची गवतं दिसेनाशी होऊन नुसती कुसळी माजली होती. सर म्हणाले, तीन वर्षं चराई बंद ठेवू. गवत विळ्याने कापून न्या आणि गाईंना घरी टाका. तीन वर्षांनी कुरण खुलं करू आणि मग पाळीपाळीने चारू. म्हाताऱ्या गवळ्यांनाही ते पटलं. पूर्वी असंच करत होतो, म्हणाले.

ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली. ठराव सरांनी छापूनच आणला होता. ते वाचू लागले आणि छान वाचत होते: कुरण, संवर्धन, लोकसहभाग. वाचून झाल्यावर सुमनबाईने विचारलं, "कागदावर किती वर्सं लिवले हायेत?"

सर हसले. कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे वळले. "दादा, कागद तर सरकारसाठी असतो. आपण आपल्या पद्धतीने सौदा करू."

आणि त्यांनी माझ्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, माझा हात हातात घेतला आणि वरून कापड टाकलं. सगळी ग्रामसभा हसायला लागली. शहरातला माणूस आपल्या बाजाराची रीत करतो आहे याचा लोकांना आनंद झाला. कॅमेरा चालूच होता. दुपट्ट्याखाली सरांनी माझी तीन बोटं दाबली. मऊ हात होता, पण दाबली घट्ट.

मी दुपट्टा उचलला आणि म्हटलं, "तीन वर्सं. सौदा पक्का. करा सह्या."

सुमनबाई म्हणाली, "वाचून तं पाय, नामाभाऊ. तुले वाचता येते."

मी दहावीपर्यंत शिकलो आहे. रोज पेपर वाचतो. कागद माझ्यापासून हातभर अंतरावर पडला होता. मी तिला म्हटलं, "सौदा झाल्यावर कागद पाह्यत नाई, बाई. मी शब्द देल्ला हाय ना." आवाजही चढवला. पहिला अंगठा तिच्याच दिराने लावला, आणि शेवटी तिनेही सही केली. साक्षर झालेली बाई, सावकाश अक्षर जोडून सही करते. मला ते सावकाश काढलेलं नाव आठवतं.

पावसाळ्यात दोन बस भरून पाहुणे आले. संस्थेला पैसा देणाऱ्या कोणत्यातरी कंपनीची माणसं, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे सदरे, डोक्यावर टोप्या. ट्रकमधून रोपं उतरली: करंज, शिसू आणि पिवळ्या फुलांची कसलीतरी झाडं, ज्यांचं नाव गावात कोणाला माहीत नव्हतं. उतारावर आधीच खड्डे घेतलेले होते. प्रत्येक खड्ड्याभोवतीचं गवत मुळासकट उपटून काढलेलं. पाहुणे रोप हातात धरून हसत, फोटो निघे, मग रोप खड्ड्यात जाई. जेवण पळसाच्या पत्रावळीवर होतं. पाहुण्यांना भाकर तोडता येत नव्हती, तेही फोटोत आलं.

सुमनबाई सरळ सरांपुढे जाऊन उभी राहिली. "सर, गवत राखाचं होतं ना? मंग गवत उपटून झाडं काऊन लावून राह्यले?"

सर प्रेमाने म्हणाले, "ताई, ही पडीक जमीन आहे. इथे आपण जंगल उभं करतोय. तुमच्या नातवंडांसाठी प्राणवायू."

"पडीक?" ती माझ्याकडे वळली. "आयकलं का? माह्या सासऱ्याच्या बापापासून गाई चरून राह्यल्या, अन् हे पडीक म्हन्ते. बोल ना. तू काऊन मुका झाला?"

मी म्हटलं, "शिकेल माणूस हाय. काही पाहूनच करत असन."

ज्या जागेवर पाच तऱ्हेचं गवत उभं राहतं आणि शंभर गाई जगतात, ती जागा पडीक आहे असं फक्त शिकलेला माणूसच म्हणू शकतो. गुराख्याला अशी चूक करता येत नाही. त्याने नुसतं खाली पाहिलं की कळतं. सरांनी गावात येऊन म्हातारीपासून पोरापर्यंत सगळ्यांकडून शिकून घेतलं, वह्या भरल्या, आणि कुरण म्हणजे काय एवढं मात्र शिकले नाहीत. किंवा शिकले होते, पण कंपनीला फोटोत झाड लागतं, गवत चालत नाही. यातलं काय खरं ते त्यांनाच माहीत.

कुंपण झालं. गावातल्याच देवरावला राखणदार नेमलं, शिट्टी आणि खाकी जाकीट दिलं. दिवाळीनंतर बायका विळे घेऊन गवत कापायला गेल्या तर देवरावने अडवलं. कापायलाही मनाई आहे, रोपांना इजा होते, असा निरोप होता. सुमनबाई ऐकली नाही, आत शिरली. देवरावने तिच्या हातातला विळा काढून घेतला.

"देवा, माह्या हातचं दूध पिऊन मोठा झाला तू."

"काकू, मले पगार त्यायचा हाय," तो म्हणाला. त्याच्याने वर बघवत नव्हतं, असं दुसऱ्यांनी सांगितलं. विळा त्याने संध्याकाळी तिच्या ओट्यावर आणून ठेवला.

मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "दादा, सुरुवातीला थोडा त्रास होतो. बदल म्हणजे वेदनाच." मग म्हणाले, "तुमचा गावावर फार प्रभाव आहे. तुम्हीच समजावा." आणि मी समजावलं. तीन वर्षांचा तर प्रश्न आहे, म्हटलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा म्हटलं, एकच वर्ष राहिलं आहे.

त्या तीन वर्षांत उमरपाणीच्या गाई माझ्याच हातून बाजारात गेल्या. चारा विकत घेऊन गवळाऊ पोसणं कोणाला परवडणार? एक एक करून दावणी सुटल्या. पहिल्या चार गाईंची दलाली मी घेतली, हेही लिहून ठेवतो. पाचवीपासून घेतली नाही. पण दलाली न घेतल्याने भाव वाढत नाही. दुसरे हेडी वासावरच असतात. गावात वैरण नाही हे त्यांना कळलं होतं, आणि दुपट्ट्याखाली त्यांची बोटं आखडती झाली होती. मी भांडलो, शिव्या दिल्या, दोघांची कॉलर धरली. तरी ज्या भावाने उमरपाणीची कालवड गेली त्या भावाने मी एरवी म्हातारी गायसुद्धा सोडली नसती.

सुमनबाईच्या पाच गेल्या. पाचव्या गाईच्या दिवशी ती स्वतः बाजारात आली होती. गाय घेणाऱ्याच्या टेम्पोत चढेना, मागे वळून तिच्याकडे बघत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "सर असे निघतीन असं वाटलं नोतं."

ती म्हणाली, "मी सरले ओयखत नोती, नामाभाऊ. मी तुले ओयखत होती."

आणि दोर माझ्या हातात देऊन एसटी स्टँडकडे चालू लागली.

तीन वर्षं भरली त्या आठवड्यात आम्ही सातआठ जण कुंपणाच्या दारापाशी गेलो. देवरावने संस्थेने दिलेली ठरावाची प्रत काढली. मी तिथे उभा राहून पहिल्यांदा तो कागद वाचला. वृक्षलागवड. कालावधी वीस वर्षे. चराई व गवतकापणी पूर्णपणे निषिद्ध. खाली सगळ्या सह्या, अंगठे, आणि साक्षीदार म्हणून मी. सरांनी त्या दिवशी वाचून दाखवताना या तीन ओळी गाळल्या होत्या. कुंपणाच्या आत तोवर निम्मी रोपं वाळून काड्या झाली होती. जगली ती पिवळ्या फुलांची. त्यांच्याखाली गवत उगवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्ध्याला गेलो. संस्थेचं कार्यालय बोरगाव मेघेच्या बाजूला आहे. पक्कं सिमेंटचं घर, पण भिंतींना आतून शेणमाती लिंपलेली. खुर्च्या नाहीत, चटया. कोपऱ्यात माठ. सरांच्या मागच्या भिंतीवर मोठा फोटो, आणि त्यात माझा दुपट्टा. दुपट्ट्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सर, दोघेही हसत. खाली लिहिलं होतं: लोकपरंपरेतून लोकसहभाग.

मी विचारलं, "तीनाचे वीस कसे झाले?"

सर उठून जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बसा ना, दादा. आधी पाणी घ्या."

"पानी नाई पाह्यजे. तुम्ही माही तीन बोटं दाबली होती."

सरांना क्षणभर खरोखर आठवेना. मग त्यांचा चेहरा उजळला. "अच्छा, ते. ते तर डॉक्युमेंटेशन होतं, दादा. तुमची परंपरा जतन व्हावी म्हणून. आपण त्याची फिल्म केली, दिल्लीला दाखवली. लोकांना फार आवडली."

मी त्यांचा हात धरला आणि तशीच तीन बोटं दाबली. घट्ट दाबली. "मंग हे काय होतं?"

"दुखतंय, दादा."

चटयांवरची पोरंपोरी उठून उभी राहिली. एक मुलगी म्हणाली, "काका, सरांनी तुमच्यासारख्या लोकांसाठी आयुष्य दिलंय." मी हात सोडला. सरांनी चष्मा काढला. डोळ्यांत पाणी आलंच होतं. ते म्हणाले, "त्यांना बोलू द्या. त्यांचा राग मला समजतो." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, जसं आजाऱ्याशी बोलतात तसं म्हणाले, "त्या वेळी वीस वर्षं म्हटलं असतं, तर तुम्ही लोक घाबरला असता. हळूहळू समजावणारच होतो. मीही यातून शिकतोय."

बाजारात चोर सापडला तर तो पळतो, नाहीतर मारामारी करतो, नाहीतर पाया पडतो. शिकतोय म्हणणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता. त्या खोलीतल्या सगळ्यांच्या नजरेत दांडगट मी होतो आणि जखमी सर होते. निघताना त्या मुलीने माझ्या हातात एक छापील फॉर्म दिला. त्यावर लिहिलं होतं, आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे. मी तो चारदा फाडून माठावर ठेवला आणि बाहेर पडलो. तेवढंच करता आलं.

कुरण खुलं करून मागायला तालुक्याच्या कार्यालयात गेलो, तर म्हणाले, संस्थेचं ना-हरकत आणा. संस्था म्हणते, कंपनीशी बोलावं लागेल. कंपनी कुठे आहे ते उमरपाणीत कोणालाच माहीत नाही. त्यांचा फलक मात्र टेकडीवर आहे, आणि त्यावर झाडांचा जो आकडा आहे तेवढी झाडं कधी लावलीच नव्हती.

सर मला शेवटचे दिसले ते यंदा, दिवाळी उलटून गेल्यावर, कुंपणाच्या बाहेर. मी सुमनबाईच्या उरलेल्या एका गाईसाठी कडबा घेऊन चाललो होतो. सरांच्या भोवती नवे पाहुणे उभे होते, वह्या पेन घेऊन. सर कुंपणाच्या तारेतून हात आत घालून गवताची एक काडी उपटत होते आणि सांगत होते, "हा पवना. ही तिखाडी, चुरगळून वास घ्या. हे गवत म्हणजे इथली खरी जैवविविधता." दोन्ही नावं सुमनबाईने शिकवलेली. पवना म्हणून दाखवलेलं गवत पवना नव्हतंच, कुसळी होती.

मी ऐकत उभा राहिलो. ते पुढे म्हणाले, "गवताळ जमिनीवर झाडं लावणं ही आपली मोठी चूक होती. आपण चुकलो. आता ही झाडं काढून कुरण परत आणायचं, असा नवा प्रकल्प आहे." एका पाहुणीने विचारलं, गावकऱ्यांची तयारी आहे का? तेव्हा सरांना मी दिसलो. त्यांनी दुरूनच हात जोडले, मान तिरपी केली आणि पाहुण्यांना म्हणाले, "हे आमचे जुने साथी. यांनीच मला हे गाव दाखवलं." पाहुण्यांनी माझ्याकडे बघून नमस्कार केला. एकाने फोटो काढला. मी काही बोलायच्या आत सर सगळ्यांना घेऊन उताराने खाली निघाले. पाठमोरे जाताना ते मध्येच थांबले, कुठल्यातरी पाखराची शीळ ऐकली, बोट वर केलं, आणि सगळे वर पाहू लागले.

नव्या प्रकल्पासाठी नवा ठराव लागणार आहे. त्याची ग्रामसभा येत्या महिन्यात आहे. कुरण परत मिळावं असं गावातल्या प्रत्येकाला वाटतं, आणि ते मिळण्यासाठी पुन्हा सरांच्याच कागदावर सही करावी लागणार आहे.

सर, तुम्ही पाहुण्यांना म्हणालात, आपण चुकलो. त्या 'आपण'मध्ये सुमनबाईला धरू नका. तिने सह्यांच्या दिवशी विचारलं होतं, आणि झाडं लावली त्या दिवशीही. देवरावला धरू नका. माझ्यापुरतं मी गावाला उत्तर देतो आहे. बाजारात बायका माझ्याकडे पाठ करतात ती मी सोसतो. तुमचं उत्तर बाकी आहे, आणि संस्थेच्या ज्या विश्वस्तांनी त्या कागदावर शिक्के मारले त्यांचंही.

ग्रामसभेत नवा ठराव काढण्याआधी जुना वाचा. ओळ न ओळ, मोठ्याने. वीस हा आकडा लोकांच्या तोंडावर उच्चारा, आणि सांगा तो कोणी घातला. तुम्ही, विश्वस्तांनी की कंपनीने. एक माणूस उभा करा, ज्याला सुमनबाई विचारेल आणि ज्याला न रडता बोलावं लागेल. तसा माणूस उभा राहीपर्यंत उमरपाणीत कोणी सही करणार नाही. शाळेच्या पडवीच्या दारात मी बसणार आहे.